शास्त्री निघून गेले, त्यानंतर

डहाणू रोडच्या फलाटावर पहाटे मासळीच्या टोपल्या आणि चिकूचे खोके मुंबईच्या लोकलची वाट पाहत असतात. तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून सुरतेकडची गाडी धडधडत जाते. डब्यावरच्या पाटीवर ‘सुरत’ वाचलं की मला ‘भाऊबंदकी’ आठवतं.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०९मध्ये रंगभूमीवर आणलं. दोनच वर्षांपूर्वी सुरतेला काँग्रेस फुटली होती. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि खाडिलकर ‘केसरी’तले त्यांचे सहकारी. घरची फूट परक्याला दार उघडून देते, हे त्या प्रेक्षकांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि काका राघोबादादा गादीवर आले. ‘ध’चा ‘मा’ घरोघरी ठाऊक आहे. राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंत लेडी मॅकबेथ दिसते, हेही बोलून झालं आहे. मला मात्र नाटकाचा जीव न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांत दिसतो. समोर पेशवा, त्याच्या हाताशी फौज. शास्त्रीबुवांच्या अंगावर उपरणं आणि पदरी त्याच पेशव्याची चाकरी. चाकराने धन्याला खुनाचं प्रायश्चित्त सांगायचं, तेही देहान्त! ते सांगतात आणि पुणं सोडून वाईजवळच्या खेड्यात निघून जातात.

तरुणपणी इथे माझा ऊर भरून यायचा. आजही येतो, पण पुढे मन अडतं. शास्त्री गेले तेव्हा राघोबा गादीवरच होते. त्यांना खाली खेचलं ते नाना फडणीस, सखारामबापू अशा बारभाईंनी. गुप्त निरोप धाडून, माणसं फोडून, नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेऊन. ही कामं सोवळ्यात राहून होत नाहीत. हरलेल्या राघोबांनी मार्च १७७५मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि फौजेच्या बदल्यात साष्टी-वसई देऊ केली. हीच वसई चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये हजारो माणसं खर्ची घालून घेतली होती. डहाणूही त्याच मोहिमेत मराठ्यांकडे आलं. निकाल पुण्यात लागला, किंमत आमच्या किनाऱ्याने मोजायची होती. पुढे बारभाईंच्या अमलात शास्त्री पुन्हा न्यायासनावर बसले. ते परतणं मला जाण्याहून मोठं वाटतं.

कायदा शिकलेली आणखी एक व्यक्ती आमच्या मुलखात आली, ती परत गेलीच नाही. गोदावरी गोखले, लग्नानंतर परुळेकर. पुण्यातल्या वकिलाची मुलगी, महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर. पती शामरावांबरोबर त्या १९४५मध्ये वारल्यांच्या पाड्यांवर फिरू लागल्या. तेव्हा इथे वेठ होती आणि लग्नगडीही होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराच्या वाडीवर जन्मभर राबायचं, म्हणजे लग्नगडी. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं.

मग १० ऑक्टोबरचं तलवाडा, आजच्या विक्रमगड तालुक्यातलं. बाईंच्या नावाने खोटा निरोप फिरला आणि हजारो माणसं जमली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तरीही माणसं हलेनात, कारण बाईंनी जा म्हटल्याशिवाय जायचं कसं? जेठ्या गांगडसह पाच जण गेले. निरोप बाईंचा नव्हता, पण माणसांना तिथे धरून ठेवणारा विश्वास त्यांनीच कमावलेला होता. सज्जनपणाची ही बाजू नाटकातल्या शास्त्रींच्या वाट्याला आलीच नाही. त्यांच्या शब्दाखातर दुसरं कुणी मेलं नाही.

बाई थांबल्या. तडीपारी, भूमिगत दिवस, तुरुंग. १९६५मध्ये शामराव कैदेतच वारले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७०मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमी मिळाली. तलासरीच्या कॉलेजला आज दोघांचं नाव आहे.

दर १० ऑक्टोबरला लाल बावटे घेऊन लोक हुतात्म्यांना सलाम करायला जमतात. १९९६मध्ये त्या तारखेला दोन दिवस उरले असताना, ८ तारखेला, गोदूताई गेल्या.