शेतकऱ्यांच्या कंपनीस माणूस कसा निवडावा

बाजारांत बैल घ्यावयाचा असला म्हणजे आपण काय करतों, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दांत पाहतों, खूर पाहतों, दहा पावलें चालवितों, मालक भला असल्यास औतास जुंपूनही पाहतों, आणि मगच रुमालाखालीं हात घालतों. परंतु शेतकऱ्यांच्या कंपनीस व्यवस्थापक ठेवावयाची वेळ आली म्हणजे तेच आपण एक अर्ज वाचतों, "कोणाचा मुलगा?" म्हणून विचारतों, आणि तीनशें घरांच्या मालाची किल्ली त्याच्या हातीं देतों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झाल्यावर मंडळींनीं मला अशाच एका कंपनीच्या निवड समितींत बसविलें. तेथें पहिल्या खेपेस जी चूक झाली तींत माझाच हात होता, म्हणून हा विषय लिहावयास घेतला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. उत्पादक कंपनीचें प्रकरण कंपनी कायद्यांत २००२ च्या दुरुस्तीनें आलें, आणि २०२० च्या दुरुस्तीनें तें २०१३ च्या नव्या कायद्यांत घातलें गेलें. दहा उत्पादक एकत्र आले कीं अशी कंपनी काढतां येते. संचालक पांचांहून कमी नसावेत व पंधरांहून अधिक नसावेत. पण ज्या कलमाकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं तें असें कीं, प्रत्येक उत्पादक कंपनीस पूर्ण वेळ काम करणारा एक मुख्य कार्यकारी अधिकारी असलाच पाहिजे, आणि तो सभासदांपैकीं असतां कामा नये. त्याची नेमणूक संचालक मंडळानें करावयाची, व त्याची पात्रता आणि अटीही मंडळानेंच ठरवावयाच्या. म्हणजे "आपल्यांतलाच एखादा सवडीनें पाहील" हा जो आपला नेहमींचा तोडगा, तो येथें चालत नाहीं. कायदा करणारांनीं हें कलम कोणत्या हेतूनें घातलें असेल तें असो. माझ्या मतें तें फार शहाणपणाचें आहे. जो माल आणून टाकतो त्यानेंच मालाची प्रत ठरवूं नये.

दुसरी गोष्ट पगाराची. केंद्र सरकारनें २०२० सालीं १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हातीं घेतली; तें उद्दिष्ट २०२५ च्या फेब्रुवारींत पुरें झाल्याचें जाहीर झालें. या योजनेंत प्रत्येक संस्थेस तीन वर्षांसाठीं जास्तींत जास्त १८ लाख रुपये साहाय्य ठेविलें आहे, व त्यांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास दरमहा २५,००० पर्यंत आणि हिशेबनिसास १०,००० पर्यंत पगार धरला आहे. पुष्कळ मंडळी हा आंकडा वाचून निर्धास्त होतात. चौथें वर्ष उजाडलें म्हणजे काय होतें, याचा हिशेब आधींच करावा. दरमहा ३५,००० म्हणजे सालीना ४,२०,००० रुपये झाले. कंपनीस खर्च वजा जातां क्विंटलामागें १०० रुपये सुटतात असें धरलें, तर नुसत्या या दोन पगारांसाठीं ४,२०० क्विंटल माल कंपनीच्या कांट्यावरून गेला पाहिजे. तीनशें सभासद असतील तर दर सभासदाचे सरासरी चौदा क्विंटल. तेवढा माल येत नसेल तर माणूस कितीही चांगला असो, तो चौथ्या वर्षीं जाणार. आणि तो गेला म्हणून त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. माणूस निवडण्यापूर्वीं हा हिशेब त्याच्यापुढेंच मांडावा. जो उमेदवार तो पाहून "हे शंभर रुपये कोणत्या मालावर धरले?" असा उलट प्रश्न करील, त्याच्याकडे नीट पाहावें.

आतां आमच्या चुकीची हकीकत. पहिल्या खेपेस अकरा अर्ज आले होते. त्यांत एका तरुणाचे वडील माझ्याबरोबर दप्तरांत होते. अत्यंत सचोटीचा मनुष्य. त्यांच्या हातची कीर्द तपासावयास कोणी बसत नसे. मुलगा शेतकीचा पदवीधर, बोलण्यांत नम्र. मीं शब्द टाकला आणि त्याची नेमणूक झाली. मुलगा लबाड नव्हता, हें प्रथमच सांगतों. त्यानें एक पैसाही खाल्ला नाहीं. पण त्याच्यानें कोणास "नाहीं" म्हणवत नसे. एका संचालकांनीं बारदान उधार मागितलें, त्यानें दिलें. दुसऱ्यांच्या मेहुण्यानें ओलें सोयाबीन आणलें, तें कोरड्याच्या भावानें घेतलें. तिसऱ्यांनीं खतें उधारीवर नेलीं. हंगाम संपला तेव्हां तीन लाखांवर येणें लोकांकडे अडकलें होतें, वखारींत कांहीं माल काळा पडला होता, आणि ज्यांनीं निमूटपणें वाळवून, चाळून माल घातला त्या लहान खातेदारांस पैशासाठीं चार महिने थांबावें लागलें. त्यांतली एक विधवा बाई माझ्या ओट्यावर येऊन दोनदां बसून गेली. कांहीं बोलली नाहीं. पोरगा वर्ष पुरें होण्याआधींच राजीनामा देऊन शहरांत गेला. सभेंत सर्वांनीं त्याच्या नांवानें बोटें मोडलीं. मीं मात्र मान खालीं घातली. मीं त्याच्या वडिलांस ओळखत होतों. त्यास ओळखत नव्हतों.

या प्रसंगानंतर मीं थोडें वाचन केलें. माणसें निवडण्याच्या रीतींचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. फ्रँक श्मिट व जॉन हंटर या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९९८ सालीं मागील ८५ वर्षांतलें संशोधन एकत्र करून त्याचा ताळा मांडला. त्यांत असें दिसलें कीं, उमेदवारानें किती वर्षें नोकरी केली अथवा किती वर्षें शिक्षण घेतलें, यांवरून तो पुढें काम कसें करील हें फारच थोडें कळतें. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतला, किंवा सर्वांस आधीं ठरविलेले तेच प्रश्न विचारून मुलाखत घेतली, तर पुष्कळ अधिक कळतें. हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याची जी विद्या सांगतात तिचा उपयोग जवळजवळ शून्य निघाला. (आम्हां कारकुनांस हें ऐकून वाईट वाटतें!) पुढें २०२२ सालीं पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेच आंकडे फिरून तपासले, आंकडे कांहींसे उतरले, पण ठरविलेल्या प्रश्नांची मुलाखत पहिल्या जागीं आली.

पण एवढें लांब तरी कशाला जावें? आपल्या शेजारीं गुजराथेंत आणंद येथें काय घडलें तें पाहावें. खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादकांचा संघ १९४६ सालीं स्थापन झाला. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्यक्ष. वर्गीस कुरियन नांवाचा, सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत शिकून आलेला तरुण १९४९ च्या मे महिन्यांत सरकारी दुग्धालयांत नोकरीस म्हणून आणंदास आला. तो केरळचा, गुजराथी भाषा त्यास येत नव्हती, आणि गांवांत मन रमत नसल्यानें तो सुटकेची वाट पाहत होता. संघाचीं जुनीं यंत्रें वारंवार बंद पडत, व तीं दुरुस्त करण्यास त्रिभुवनदास या शेजाऱ्यास बोलावीत. अखेर कुरियन यांनीं सांगितलें कीं हीं यंत्रें टाकून नवीं घ्या. नोकरींतून मोकळे होऊन ते निघाले तेव्हां त्रिभुवनदासांनीं, नवीं यंत्रें बसेपर्यंत तरी थांबा, असा आग्रह धरला. आणि १९५० पासून ते संघाचेच झाले. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. मला यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, त्रिभुवनदासांनीं नेमणुकीपूर्वीं त्या माणसाचें काम कित्येक महिने डोळ्यांनीं पाहिलें होतें. जात, गांव, भाषा यांपैकीं एकही गोष्ट जुळत नव्हती. यंत्र मात्र चालू होत होतें. शिवाय नेमल्यावर गांवोगांवच्या शेतकऱ्यांस सांभाळण्याचें काम अध्यक्षांनीं आपल्याकडे ठेविलें व कारखान्याच्या कारभारांत कोणाची लुडबुड होऊं दिली नाहीं. हा दुसरा भाग आपल्याकडे अवघड जातो. पुढें त्याच कुरियन यांनीं आपले अमेरिकेंतले स्नेही दलाया यांस आणंदास ठेवून घेतलें, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचें काम साधलें तें मुख्यतः त्यांच्या कसबानें. चांगला माणूस एक मिळाला कीं दुसरा तो आणतो.

दुसऱ्या खेपेस आम्हीं काय केलें तें आतां सांगतों. जाहिरात लिहिण्यापूर्वीं बारा महिन्यांचीं कामें कागदावर मांडलीं: आषाढांत बियाणें व खतें, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची खरेदी, माघ-फाल्गुनांत तूर व हरभरा, मार्चअखेर हिशेब, मग लेखापरीक्षण व वार्षिक सभा. तेव्हां असें दिसून आलें कीं, आपण मनांत धरला होता तसा भाषण करणारा माणूस वर्षांतून एकच दिवस लागतो; उरलेले दिवस कांटा, वखार, बँक आणि टेलिफोन. जाहिरातींत पगाराचा आंकडा स्पष्ट घातला. "पगार योग्यतेनुसार" असें लिहिलें म्हणजे ज्यास गरज फार तोच येतो.

हिशेबनिसासाठीं एक साधी परीक्षा ठेविली. एका दिवसाच्या वीस खरेदी-चिठ्ठ्या हातीं देऊन कीर्द लिहावयास सांगितलें. त्यांपैकीं एका चिठ्ठींत मुद्दाम चूक ठेविली होती. पन्नास पोतीं, बारदानासह वजन २,५३० किलो, रिकामें पोतें ६०० ग्रॅमचें, दर क्विंटलास ४,२०० रुपये, हमाली पोत्यामागें दहा. बारदानाचे ३० किलो वजा करून २५ क्विंटलांचे १,०५,००० होतात, व हमाली जातां देणें १,०४,५००. चिठ्ठीवर मात्र १,०५,७६० लिहिले होते, कारण बारदान वजा केलेंच नव्हतें. नऊ उमेदवारांपैकीं सहांनीं आंकडा जसाच्या तसा उतरविला. दोघांनीं गुपचूप दुरुस्त केला. एका बाईंनीं मूळ आंकडा तसाच राखून त्याच्या शेजारीं पेन्सिलीनें "बारदान वजा नाहीं, रु. १,२६० जास्त, विचारावें" असा शेरा मारला. समितींतील एक गृहस्थ त्या दोघांपैकीं एकाच्या बाजूचे होते. पण दुसऱ्याची चिठ्ठी परस्पर दुरुस्त करणारा मनुष्य दप्तरांत किती धोक्याचा, हें मीं पाहिलेलें आहे. बाईंची नेमणूक झाली. त्या बारावीपर्यंत शिकलेल्या, आणि आठ वर्षें गांवच्या महिला बचत गटांचे हिशेब लिहीत होत्या. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रत्येक मोठ्या गांवांत अशा दोन-चार बाया असतात. बायकांच्या पैशाचा दर महिन्यास चोख झाडा देणें ही लहान शिकवण नव्हे. त्यांच्या दारीं आपण अर्जाचा कागद नेत नाहीं, इतकेंच.

व्यवस्थापकाच्या मुलाखतींत पांच प्रश्न आधीं लिहून ठेविले व सर्वांस तेच, त्याच क्रमानें विचारले. प्रत्येक सभासदानें आपले गुण निराळ्या कागदावर मांडावे, आणि सर्वांचे कागद टेबलावर पडेपर्यंत कोणीं मत बोलूं नये, असा नियम केला. नाहीं तर अध्यक्ष "मुलगा चुणचुणीत आहे" म्हणाले कीं बाकीच्यांचे गुण त्याच वाटेनें जातात. मुख्य प्रश्न हा होता: अध्यक्षांचे बंधू तीस पोतीं सोयाबीन घेऊन आले आहेत, ओलावा शेंकडा साडेचौदा निघतो, ते म्हणतात, सरकारनेंच २०२४ च्या हंगामांत बाराची मर्यादा पंधरापर्यंत वाढविली होती, मग तुमचें काय जातें? तुम्ही काय कराल? कोणी म्हणाला, अध्यक्षांस विचारीन. कोणी म्हणाला, नियम म्हणजे नियम. ज्याची निवड झाली त्यानें विचारलें, "हा माल आपण सरकारास देणार कीं तेलाच्या गिरणीस? गिरणीची अट काय आहे?" आणि पुढें म्हणाला, "अंगणांत जागा देतों, दोन दिवस वाळवा. घाई असेल तर ओलाव्याची तूट धरून भाव देतों. पण जो भाव त्यांस तोच त्या दिवशीं सर्वांस." त्या समितींत अध्यक्ष स्वतः बसले होते. त्यांनीं त्यास सर्वांत अधिक गुण दिले, हें त्यांच्या मोठेपणाचें.

निवडलेल्या माणसास लागलीच कायम केलें नाहीं. सहा महिन्यांची उमेदवारी, पगार पुरा. त्याच्या पूर्वीच्या ठिकाणीं मीं स्वतः गेलों व "माणूस कसा आहे?" असें न विचारतां "पुन्हां ठेवाल काय?" असें विचारलें, पहिल्या प्रश्नास सगळेच चांगलें म्हणतात, दुसऱ्यास उत्तर देतांना मनुष्य घुटमळतो. नेमणुकीचा लेखी हुकूम दिला. त्यांत उधारी किती व कोणाच्या सहीनें द्यावयाची हें घातलें, म्हणजे "नाहीं" म्हणावयास त्याच्या हातीं कागद असतो; आमच्या पहिल्या मुलाच्या हातीं तो नव्हता. रोकड हाताळणाऱ्यांसाठीं अफरातफरीची भरपाई देणारा विमा विमाकंपन्यांकडून मिळतो, तोही उतरविला. नोकरांची संख्या वीस झाली म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागतो. लहान कंपनीस ती वेळ उशिरां येते.

एक गोष्ट राहिली, ती चार्ज देण्या-घेण्याची. पहिला मुलगा गेला तेव्हां संगणकाचे परवलीचे शब्दसुद्धां त्याच्याबरोबर गेले होते, आणि आम्हांस ते फोनवरून मागावे लागले. या खेपेस नवीन व्यवस्थापक रुजू झाला त्या दिवशीं मीं तलाठी-कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणें यादी केली: किल्ल्या, शिक्के, धनादेश-पुस्तकें, पावती-पुस्तकें कोणत्या नंबरपर्यंत वापरलीं, वखारींतील माल पोत्यांनीं व वजनांनीं, येणें कोणाकडे किती. यादी तीन पानें भरली. देणारा कोणी नव्हता, म्हणून देणाऱ्याच्या जागीं मींच सही केली. येणें या सदराखालीं अद्याप १,४०,००० रुपये आहेत. त्यांतील नांवें सर्वांस ठाऊक आहेत, आणि नवा व्यवस्थापक दर सोमवारीं त्यांच्याकडे जातो.