दहानंतरची टर्की

पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला सूर्योदयाआधी अर्धा तास सुरुवात करता येते. रात्री झाडावर बसलेला नर उजाडताना तिथूनच ओरडतो, म्हणून सगळ्यांची धाव पहाटेकडे. मला मात्र दहानंतरची वेळ भरवशाची वाटते. पहाटे खाली उतरला की त्याच्याभोवती माद्या असतात; तो आपल्या हाकेला कशाला येईल? उन्हं चढली की माद्या घरट्याकडे जातात आणि तो एकटा पडतो. मग मी ओकच्या बुंध्याला टेकून, पाटीच्या दगडाच्या चकतीवर लाकडी काडी हलकेच घासून मादीचा आवाज काढते. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी बाराला थांबावंच लागतं. घरट्यावरच्या माद्यांसाठी हे योग्यच आहे. छातीवर केसांसारखी दाढी स्पष्ट दिसल्याशिवाय मी चापाला बोट लावत नाही; वसंतात फक्त दाढीवाला पक्षीच मारायची परवानगी असते.