तिवराच्या पेशीतला बंदोबस्त

खाडीकाठच्या तिवराचं पान भर उन्हात निरखून पाहा. पृष्ठभागावर बारीक पांढरे कण चमकतात. जिभेला लावले तर खारट लागतात, कारण ते मीठच असतं, पानातल्या ग्रंथींनी बाहेर टाकलेलं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला मोठा हिस्सा तिवराची मुळंच अडवतात. तरीही थोडं मीठ आत शिरतंच, आणि खरी लढाई तिथे सुरू होते.

अशा झाडांची विकरं मिठाला सरावलेली असतील, असं कुणालाही वाटेल. १९७२ साली ग्रीनवे आणि ऑसमंड यांनी खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींची विकरं घेवड्याच्या विकरांसोबत तपासली. मिठापुढे दोन्ही सारखीच हतबल ठरली! सोडियम पोटॅशियमची जागा बळकावतो आणि विकरांचं काम बिघडतं. खारफुटीही त्याला अपवाद नाही. म्हणजे तिची सारी करामत मीठ सोसण्यात नाही, ते योग्य जागी कोंडण्यात आहे.

ही जागा म्हणजे रिक्तिका. वाढ झालेल्या पेशीचा बहुतांश भाग तीच व्यापते. घरातल्या बळदासारखी, माल आत आणि वावर बाहेर. तिच्या पटलावरचे पंप ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन आत ढकलतात. ते परत बाहेर येताना त्यांच्या बदल्यात सोडियम आत जातो. पण रिक्तिका अशी खारट झाली की ती पेशीद्रवातलं पाणी ओढून घेणार. म्हणून पेशीद्रवात ग्लायसिन बीटेनसारखी निरुपद्रवी द्रव्यं साठवली जातात आणि दोन्ही बाजूंचा ताण बरोबरीत राहतो. बीटेन बनवायला नत्र लागतं, पंप चालवायला ऊर्जा. तेवढी वाढ कमी होते.

उधाणात बांध फुटून खारं पाणी शिरलेलं भातशेत ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सगळं भाताला का देता येत नाही, असा प्रश्न पडतोच. एखादं जनुक उचलून भागेल, असं मला वाटत नाही. पंप, बीटेन, ग्रंथी हे सगळं एकत्र चालतं. काही खारसहिष्णू भातांनी वेगळी वाट धरली आहे. त्यांच्या मुळांमधलं एक प्रथिन वर चढणाऱ्या रसातून सोडियम काढून घेतं, त्यामुळे तो पानांपर्यंत कमी पोहोचतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानेही खाऱ्या जमिनीसाठी भाताचे वाण दिले आहेत.