माशी घासली की गोळी वर का जाते?

१८७३ च्या कोल्टसारख्या साध्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरवर नेम धरायची पुढची माशी नळीला पक्की जडलेली असते. फिरवायला स्क्रू नसतो. गोळ्या सतत खाली लागत असतील, तर मालक कानस घेऊन माशीच घासतो. हे उलटे वाटते. पण माशी ठेंगणी झाली, की तिला मागच्या खाचेशी जुळवायला नळीचे तोंड उचलावे लागते. हातातली टॉर्च किंचित कलली तरी दूरच्या भिंतीवरचा ठिपका वीतभर सरकतो, तसेच हे. खाच ते माशी अंतर १५ सेंटीमीटर आणि लक्ष्य १५ मीटरवर असेल, तर १ मिलिमीटर घासण्याने गोळी १० सेंटीमीटर वर लागते.

मग कारखान्यातच माशी नेमकी का बसवत नाहीत? आक्षेप रास्त आहे, पण एक माशी सगळ्या गोळ्यांना जुळूच शकत नाही. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तेवढ्यात धक्क्याने तोंड वर उचलले जाते. म्हणून जवळच्या लक्ष्यावर ती हलक्या गोळीपेक्षा वर लागते. तेव्हा आधी गोळी बदलून पाहणे शहाणपणाचे, कारण घासलेले लोखंड परत येत नाही. नेम डावी-उजवीकडे चुकत असेल, तर अशा रिव्हॉल्व्हरची नळीच आट्यांत किंचित फिरवावी लागते, आणि ते काम कारागिराचे.