एमजीबी मोटारीचे पुनरुज्जीवन

एमजीबी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार होय. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यांचे सुटे भाग आजही उपलब्ध आहेत. दीर्घकाळ बंद राहिलेली एमजीबी पुन्हा चालू करताना पुढील बाबी तपासल्या जातात.

सांगाडा
या गाडीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची बॉडीच सर्व भार पेलते. त्यामुळे दारांखालील पोकळ भाग गंजला असल्यास वरून चकाकणारी गाडीही कमकुवत ठरते.

इंजिन
१,७९८ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन थेट स्टार्टरने फिरवले जात नाही, कारण पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडतात, ते मुरू देतात आणि नंतर इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहतात. जुने पेट्रोल काढून टाकी व कार्बुरेटर स्वच्छ करतात. इंजिनातील ऑइलही बदलतात.

विद्युतजोडणी
१९६७ पर्यंतच्या गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. पुढे ऋण टोक जोडले जाऊ लागले. नंतरच्या गाडीत बॅटरी उलटी जोडल्यास अल्टरनेटर निकामी होऊ शकतो.

ब्रेक
ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. परिणामी ब्रेकचे पिस्टन गंजून अडकतात. रबरी नळ्याही कालांतराने खराब होतात. म्हणून इंजिन सुरू झाले तरी ब्रेकची दुरुस्ती पूर्ण झाल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे असते.