दगडाची बोली

सह्याद्रीच्या घाटांतून प्रवास करितांना दोन्ही बाजूंस जो काळा फत्तर दिसतो, तो बेसॉल्ट होय. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वर आलेल्या शिलारसाचे थर एकावर एक निवून तो बनला. एकदां वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, हा रस थेट पृथ्वीच्या पोटांतून आला, कीं वाटेंतले खडक वितळवून घेऊन आला, हें कसें ओळखावें?" प्रश्न मार्मिक आहे, कारण डोळ्यांस सारे थर बहुधा सारखेच दिसतात.

येशूला आपण ओळखीत नाहीं, असें पेत्रानें अंगणांत सांगितलें. पण त्याच्या बोलीवरून तो गालीली आहे, हें लोकांनीं ताडलें. खडकालाहि अशी एक बोली आहे. ती स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या अणूंत सांपडते.

स्ट्राँशियमचे अणु ८४, ८६, ८७ व ८८ अशा चार भारांचे असतात. रासायनिक गुण एकच, भार मात्र निराळा. अशा भावंडांस समस्थानिक म्हणतात. यांपैकीं ८६ ची संख्या कायम राहते. ८७ ची मात्र हळूहळू वाढते, कारण रुबिडियम-८७ या किरणोत्सर्गी अणूचें रूपांतर त्यांत होत असतें. ही गति इतकी मंद आहे कीं, निम्मे रुबिडियम-८७ सरण्यास जवळजवळ ५,००० कोटी वर्षें लागावीं.

कवचाखालील प्रावरण अंशतः वितळलें, म्हणजे त्यांतील रुबिडियम स्ट्राँशियमपेक्षां अधिक सहज शिलारसांत उतरून वर जातें. युगानुयुगें असें होऊन खंडांच्या कवचांत रुबिडियम सांठलें, प्रावरणांत थोडें उरलें. म्हणून ८७ व ८६ यांचें गुणोत्तर प्रावरणांत ०.७०३ च्या आसपास राहिलें. जुन्या कवचांत तें ०.७१ च्याहि वर चढलें. खडक वितळल्यानें हें गुणोत्तर बदलत नाहीं. म्हणून रस आपल्या माहेरची खूण घेऊनच वर येतो. मास स्पेक्ट्रोमीटर नांवाच्या यंत्रानें तें मोजतात, आणि थर निवल्यानंतर रुबिडियमपासून पडलेली भर हिशेबानें वजा करितात.

महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरणाऱ्या आंबेनळी घाटाचें नांव ज्या थरांस दिलें आहे, त्यांत हें गुणोत्तर सुमारें ०.७०४ भरतें. अर्थात् त्यांत कवचाची भेसळ फार थोडी आहे. त्यांहून खालच्या व जुन्या 'बुशे' थरांतील कांहीं प्रवाहांत तें ०.७१ च्या पुढें जातें. त्या रसानें वाटेंत जुन्या कवचाचे खडक गिळले असले पाहिजेत.

तथापि, एका साक्षीवर निकाल देऊं नये, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे. प्रावरणाचाहि एखादा भाग पूर्वींपासून रुबिडियमनें संपन्न असूं शकतो, व तेथील रसाचेंहि गुणोत्तर चढतें. म्हणून शास्त्रज्ञ निओडिमियम व शिसें यांच्या समस्थानिकांचीहि साक्ष काढितात. विद्यार्थिमित्रहो, त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे : कांहीं थर जवळजवळ थेट आले, कांहीं वाटेंत मिसळून आले. दोघांचें रूप सारखेंच काळें. धीर धरून विचारिल्यावांचून दगड आपलें कूळ सांगत नाहीं.