सही करण्याआधी विचारा

रमजानचा दुसरा अशरा. कोंढव्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत इफ्तारचा दस्तरखान आवरला जात असतानाच मुलाचा फोन वाजतो. पलीकडे गृहकर्ज मिळवून देणारा एजंट. "कर्ज मंजूर आहे. उद्या येऊन सह्या करा, ईदपूर्वी काम फत्ते." नवरा शाळेत शिक्षक, बायको रुग्णालयात परिचारिका. सात वर्षांच्या संसारात साठवलेले अकरा लाख रुपये आणि नजरेत भरलेला चाळीस लाखांचा फ्लॅट. घरात आनंद. एसटीतून निवृत्त झालेले अब्बा मात्र एवढंच विचारतात, "बेटा, हा माणूस आपला की बँकेचा?"

पहिलं घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबात हा प्रश्न विचारला जायला हवा. एजंटला कमिशन मिळतं ते कर्ज दिलं गेल्यावर, आणि ते देते बँक. त्यामुळे तो लबाड ठरत नाही. पण "हे कर्ज सध्या घेऊ नका" असा सल्ला तो सहसा देणार नाही. आणि कधी कधी नेमका तोच सल्ला हवा असतो.

या घराचंच गणित पाहा. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आहे. इथे कर्ज तीस लाखांचं, म्हणजे स्वतःचे दहा लाख घालायचे. अकरा लाख हाताशी आहेत, म्हणून सगळे निश्चिंत. पण पुण्यात मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. नोंदणी शुल्क आणखी तीस हजार. हे खर्च धरून मर्यादा मोजली जात नाही. ते खिशातूनच जातात. तेव्हा लागणार तेरा लाख दहा हजार. उरलेल्या दोन लाखांसाठी माणूस महागडं वैयक्तिक कर्ज घेतो आणि पहिल्याच महिन्यापासून दोन हप्ते मानेवर बसतात. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मुदतीचंही तसंच. तीस लाखांवर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो आणि एकूण व्याज जातं सुमारे साडेबत्तीस लाख. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो, पण व्याज नऊ लाखांहून अधिक वाचतं. कुठला हप्ता पेलेल, हे घरखर्चाची वही पाहूनच ठरवता येतं.

मग विचारायचं कोणाला? दोघांना, आणि दोघांनाही फी देऊन. पहिला वकील. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेच्या पैशाच्या काळजीने. आपला वकील जमिनीची मालकी, मागच्या तीस वर्षांचा शोध, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची नोंद आपल्यासाठी पाहतो. बांधकाम चालू असेल तर नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ही आठवणही तोच करून देतो. दुसरा, चार्टर्ड अकाउंटंट किंवा कमिशन न घेणारा आर्थिक सल्लागार.

त्याच्यापुढे बँकेचं 'की फॅक्ट स्टेटमेंट' ठेवावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ते देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो, हे त्यात एका आकड्यात असतं. त्यात विम्याचा हप्ता घुसवला आहे का, व्याजदर वाढला तर हप्ता वाढेल की मुदत, हे विचारावं. ती निवड कर्जदाराला देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये दिले आहेत. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

या घरात आणखी एक प्रश्न आहे, जो एजंटच्या फॉर्ममध्ये नसतो. व्याजाचा. ब्रिटनमध्ये बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात आणि ग्राहक हळूहळू बँकेचा हिस्सा विकत घेतो, अशी सोय आहे. भारतात इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. १९९९ मध्ये युरोपच्या फतवा परिषदेने राहत्या घराच्या गरजेपुरती, अटींसह सवलत दिली. अनेक उलेमांना ती मान्य नाही. जकातीचंही तेच. राहत्या घरावर जकात नाही, पण हिशेब करताना उरलेलं कर्ज किती वजा करायचं यावर मतं वेगळी आहेत. म्हणून आलिमांकडे जातानाही पगार, भाडं, बचत आणि हप्ता हे आकडे घेऊनच जावं. अर्धवट प्रश्नाला पुरं उत्तर मिळत नाही.

सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनमधली सर्वांत मोठी आयत. तिचा विषय नमाज नाही की रोजा नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं आणि साक्षीदार ठेवणं हा आहे. तरावीहमध्ये दरवर्षी ती कानावर पडते. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यावर न वाचता सह्या करणारेही आपणच.

त्या रात्री तरावीहहून परतल्यावर मुलाने एजंटला फोन करून सांगितलं, "ईदनंतर बोलू. आधी कागद पाठवा." फ्लॅट कदाचित दुसऱ्या कोणाकडे जाईल. बायकोने वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं : कमी पडतात दोन लाख दहा हजार. अब्बांनी चष्मा लावला आणि ते वहीजवळ सरकून बसले.